पुरावा होता, तो मुद्देमालाच्या खोलीत गेला

संपादक महोदय,

खुनाच्या खटल्यातला आरोपी ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष’ सुटला की नागपुरात दोनच प्रतिक्रिया उमटतात: साक्षीदार फुटले, नाहीतर कोर्ट ढिले पडले. साक्षीदार फितूर होतात हे खरेच. पण नेत्रसाक्षीदार नसलेल्या खटल्याचे निकालपत्र वाचायला घ्या, घोडे बहुधा मुद्देमालापाशी, म्हणजे पोलिसांनी जप्त केलेल्या वस्तूंपाशी, पेंड खाते.

रक्ताचे डाग असलेला शर्ट घ्या. जप्ती पंचनाम्यावर दोन पंचांनी सह्या केल्या म्हणून काम संपत नाही. पंचांच्या सह्यांचे लेबल पाकिटावर हवे, लाखेचे सील हवे, सीलचा नमुना स्वतंत्र ठेवलेला हवा, मुद्देमाल रजिस्टरला त्याच दिवसाची नोंद हवी. प्रयोगशाळेत कोणता शिपाई घेऊन गेला, पोच कधीची, पोहोचताना सील शाबूत होते का, हे कोर्टात सांगायला माणूस लागतो. नेमके मुद्देमाल कारकून आणि वाहक शिपाई हेच दोघे अनेकदा साक्षीदारांच्या यादीत नसतात. जप्ती ४ तारखेची आणि प्रयोगशाळेची पोच २२ तारखेची असेल, तर मधले १८ दिवस शर्ट कुठे होता? बचावाच्या वकिलाला एवढा एक प्रश्न पुरतो.

त्यात आपला उन्हाळा. पारा ४५ला टेकलेला असताना ओले कपडे प्लास्टिकच्या पिशवीत कोंबले की बुरशी धरते आणि डीएनए खराब होतो. सावलीत वाळवून प्रत्येक कपडा वेगळ्या कागदी पाकिटात ठेवायचा, खर्च काय तो पाकिटाचा. ते केले नाही की प्रयोगशाळेतल्या रासायनिक विश्लेषकाचा (सीए) रिपोर्ट येतो: ‘मानवी रक्त, गट अनिर्णीत’. गट कळला तरी मयत आणि आरोपी दोघेही ‘बी’ निघाले, तर त्या कागदाने काय सिद्ध होणार?

हत्याराचेही तसेच. हत्यार कुठे लपवले हे सांगणारे आरोपीचे निवेदन त्याच्याच शब्दांत हवे. पूर्वीच्या पुरावा कायद्याचे कलम २७, आता भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २३. जागा पोलिसांना आधीच ठाऊक असेल किंवा चाकू येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा नाल्याच्या काठावर पडलेला असेल, तर त्या निवेदनात दम राहत नाही. मिळालेला चाकू शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरला दाखवून ‘या जखमा याने होऊ शकतात का’ हे लेखी घ्यायचे असते. तेही राहून जाते.

सर्वोच्च न्यायालयाने शरद सारडा खटल्यात १९८४ साली सांगितले की परिस्थितिजन्य पुराव्याची साखळी पूर्ण हवी. ‘आरोपी दोषी असू शकतो’ आणि ‘असलाच पाहिजे’ यांत फरक आहे. कडी तुटली की न्यायाधीशांपुढे दुसरा मार्ग उरत नाही, मनात शंका कितीही असो.

१ जुलै २०२४पासून, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ने झडती-जप्तीचे चित्रीकरण सक्तीचे झाले. चांगलेच झाले. मात्र सील लागले की कॅमेरा बंद होतो, आणि खरा घोळ त्यानंतरचा आहे.

मयताच्या नातेवाइकांना याच संहितेच्या कलम ४१३खाली सुटकेविरुद्ध अपील करता येते, पण हरवलेली नोंद अपिलात सापडत नाही. म्हणून दोषारोपपत्राची प्रत मिळताच तीन गोष्टी पाहाव्यात: जप्तीची तारीख, प्रयोगशाळेच्या पोचेची तारीख आणि साक्षीदारांच्या यादीत मुद्देमाल कारकुनाचे नाव. कोर्टाच्या परवानगीने सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील देता येतो. कारकुनाचे नाव यादीत नसेल, तर त्याला कलम ३४८खाली साक्षीला बोलावण्याचा अर्ज सरकारी वकिलांमार्फत निकालाआधीच द्यावा.

— एक फौजदारी वकील, सिव्हिल लाइन्स, नागपूर