गुन्हा घडण्याआधीच दुभाषी मिळावा : महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बालविकास विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : अडचणीतील कुटुंबांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थांत द्विभाषिक केस वर्करची तरतूद करण्याबाबत

महोदया,

स. न. वि. वि.

पुणे शहर आणि हवेली तालुक्यातल्या बांधकाम मजुरांच्या वसाहती, वीटभट्ट्या आणि पालांच्या वस्त्या यांत काम करणाऱ्या एका छोट्या स्वयंसेवी संस्थेत मी केस वर्करांच्या, म्हणजे एकेका कुटुंबाची अडचण हाती घेऊन तिचा पाठपुरावा करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या, कामाचे समन्वयन करते. आमच्याकडे येणाऱ्या कुटुंबाची अडचण एका खात्यात मावणारी नसते. नवरा परांचीवरून पडून घरी बसलेला असतो, रेशन मिळत नसते, धाकट्याला सांभाळायला मोठ्या मुलीची शाळा सुटलेली असते आणि बाईच्या अंगावर दुखणे असते. या सगळ्यासाठी निरनिराळी दारे ठोठावायची असली, तरी केस वर्करच्या हातात फाईल एकच असते आणि त्या फाईलीतला पहिला कागद म्हणजे कुटुंबाने स्वतः सांगितलेली हकिकत. तो कागद चुकला, की त्याच्या आधाराने केलेले पुढचे अर्ज, गृहभेटी आणि शिफारशी सगळेच चुकत जाते. आज हा पहिला कागद बहुतेक ठिकाणी कुटुंबाच्या नव्हे, तर तिसऱ्याच माणसाच्या तोंडून लिहिला जातो आहे, आणि म्हणून हे पत्र आपल्याला जाहीरपणे लिहीत आहे.

हा तिसरा माणूस कोण असतो, याकडे आपल्या विभागाने लक्ष द्यावे. दवाखान्यात सहसा शेजारीण असते. थकलेल्या मजुरीच्या किंवा अपघाताच्या प्रकरणात मुकादम असतो. बांधकाम कामगार म्हणून नोंदणी करायची तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला ज्या ठेकेदाराकडून आणायचा, त्याचाच हा माणूस. मारहाणीच्या तक्रारीत कित्येकदा नवराच बायकोच्या वतीने बोलतो. आणि जिथे यांपैकी कोणीच नसते, तिथे शाळेत जाणारे मूल पुढे केले जाते, कारण घरात सर्वांत आधी मराठी उचलते ते मूलच.

कर्नाटकातल्या यादगीर जिल्ह्यातून वाघोली परिसरातल्या एका साइटवर कामाला आलेल्या बाईचे प्रकरण, ओळख पटू नये इतपत तपशील वगळून, सांगते. एका कार्यालयात तिचे म्हणणे नोंदवताना चौथीतली मुलगी दुभाषी म्हणून बसली होती. नवरा मारतो का, कशाने मारतो, असे प्रश्न होते. मुलीने ते आईला अर्धेमुर्धे कन्नडमध्ये सांगितले. आई बराच वेळ बोलली. मुलगी टेबलाच्या कडेचा उचकटलेला सनमायका नखाने सोलत राहिली आणि शेवटी म्हणाली, "कधी कधी भांडतात." नोंद झाली : किरकोळ कौटुंबिक वाद. पुढे आमच्या कन्नड बोलणाऱ्या सहकारी त्या बाईजवळ एकट्या बसल्या, तेव्हा कळले की चटके दिल्याचे तिने त्या पहिल्याच दिवशी सांगितले होते. प्रश्न विचारणाऱ्या बाईंचे वागणे सौम्य होते, त्यांना मी दोष देत नाही. मुलीला तर त्याहून नाही. संध्याकाळी तिला त्याच घरात, त्याच बापाजवळ परत जायचे होते.

यावर आम्हाला ठरलेले उत्तर मिळते, की हिंदी काय, सगळ्यांनाच समजते. साइटवरच्या पुरुषाला समजते, तीही वाळू, सळई, हजेरी आणि उचल यांपुरती. दिवसभर पत्र्याच्या खोलीत मुले सांभाळणाऱ्या किंवा आपल्याच गावच्या टोळीत पाट्या वाहणाऱ्या बाईपर्यंत तेवढीही पोचत नाही. शिवाय मजुरीचा भाव ठरवण्याइतकी भाषा येणे वेगळे आणि पोटातले मूल का राहिले नाही हे अनोळखी माणसाला सांगता येणे वेगळे, हे मान्य व्हायला कोणाचीच हरकत नसावी.

हे पत्र परप्रांतीयांची तरफदारी करणारे आहे, असाही समज कोणी करून घेऊ नये. धडगाव-अक्कलकुव्याकडून आलेली भिली आणि पावरी बोलणारी कुटुंबे, घरात गोरमाटी बोलणारे बंजारा, पारधी समाजातली माणसे ही याच राज्याची आहेत, आणि कार्यालयातल्या कागदी मराठीपुढे त्यांतल्या अनेकांची, विशेषतः म्हाताऱ्या बायकांची, गत कलबुर्गीहून आलेल्या बाईसारखीच होते. राज्याचा कारभार मराठीतून चालावा हे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ ने ठरवलेले आहे आणि त्याबद्दल माझे काडीचेही दुमत नाही. फाईल मराठीतच राहावी. त्या मराठी फाईलीत खरे काय घडले ते यावे, एवढ्यासाठीच शेजारी दुसऱ्या भाषेची सोय मी मागते आहे.

मागणी नवी नाही, कारण एका बाबतीत ही सोय कायद्याने आधीच करून ठेवली आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण अधिनियम, २०१२, म्हणजे पोक्सो कायदा, मुलाला न समजणाऱ्या भाषेत तक्रार नोंदवली जात असेल तर कलम १९ नुसार दुभाषी देण्यास सांगतो. जबाब आणि साक्ष नोंदवतानाही कलम २६ आणि ३८ मध्ये तशी तरतूद आहे. २०२० च्या पोक्सो नियमांतला नियम ५ त्याहून पुढे जातो. प्रत्येक जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाने दुभाषी, अनुवादक आणि विशेष शिक्षक यांची नावे, पत्ते व संपर्क असलेली नोंदवही ठेवायची आहे. दुभाष्याने निःपक्ष असावे, प्रकरणात स्वतःचा काही हितसंबंध असल्यास तो आधी सांगावा, आणि ऐकलेल्यात भर किंवा काटछाट न करता सांगावे, असेही त्यात आहे. मानधन राज्य शासनाने द्यायचे आहे, बाल न्याय अधिनियमाच्या कलम १०५ खालील बाल निधीतून किंवा कक्षाकडे दिलेल्या अन्य निधीतून.

मला सर्वांत शहाणपणाची वाटते ती त्यातली पात्रतेची अट. राज्यभाषा आणि मुलाची भाषा या दोन्हींची कामापुरती ओळख हवी, आणि ती मातृभाषा म्हणून, निदान प्राथमिक शाळेपर्यंतच्या शिक्षणाचे माध्यम म्हणून, किंवा त्या भाषेच्या मुलखात राहून वा व्यवसायातून मिळालेली असली तरी चालते. पदवीची अट नाही. वस्तीत वीस वर्षे राहिलेली, माहेरी कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी, दहावी-बारावी झालेली बाई या नियमात सरळ बसते.

म्हणजे यादी कोणी ठेवायची, त्यात कोण बसते आणि पैसे कुठून द्यायचे, हे सारे ठरलेले आहे. फक्त ते मिळते मुलावर अत्याचार झाल्यानंतर. त्याच मुलीची आई काही महिने आधी, रात्रपाळीला जाताना मुलीला कोणाकडे ठेवू, शेजारच्या खोलीतल्या माणसाची भीती वाटते, हे सांगायला आली असेल, तर त्या वेळी तिचे बोलणे समजून घेणारे माणूस हक्काने मागण्याची सोय आमच्यासारख्या संस्थेला प्रत्यक्षात कधी मिळालेली नाही. हिंसाचार सोसणाऱ्या बायकांना मदत करणारे सखी वन स्टॉप सेंटर, घरगुती हिंसाचाराचा अहवाल भरणारे संरक्षण अधिकारी, बाल कल्याण समितीसाठी होणारी सामाजिक तपासणी, दरमहा २२५० रुपये देणाऱ्या बालसंगोपन योजनेची गृहचौकशी, या सर्व ठिकाणी कुटुंबाचे म्हणणे हाच निर्णयाचा पाया असतो. तिथेही नियम ५ ची नोंदवही उघडी करावी, ही माझी मुख्य विनंती आहे.

आमच्याकडे हे काम कसे चालते, तेही थोडे सांगते, कारण द्विभाषिक केस वर्कर म्हणजे केवळ भाषांतर करणारी बाई असा गैरसमज आढळतो. फाईलीच्या उजव्या पानावर मराठी मजकूर असतो. डाव्या पानावर कुटुंबाचे बोलणे त्यांच्याच भाषेत, पण देवनागरीत, कारण पुढच्या कार्यकर्तीला ते निदान वाचून दाखवता आले पाहिजे. मुलाखतीत दुभाषी बाई बोलणाऱ्याच्या शेजारी, किंचित मागे बसते, म्हणजे अधिकाऱ्याची नजर कुटुंबाकडेच राहते. ती "ही म्हणते की" अशी सुरुवात करत नाही, "मी" म्हणूनच सांगते. मध्येच आपसात कुजबुज झाली, तर तीही सांगायची असा दंडक आहे. शेवटी ठरलेले सारे, कोणता अर्ज, कोणती तारीख, सोबत काय आणायचे, हे कुटुंबाने आपल्या शब्दांत परत सांगितल्याशिवाय अंगठा किंवा सही घेत नाही. वाचता न येणाऱ्यांना तेच त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित करून फोनवर पाठवतो. संमतीपत्राचेही तसेच. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा कायदा अशी सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय देतो. पण भिली, गोरमाटी आणि पारधी बोली त्या अनुसूचीत नाहीत, आणि कन्नड असली तरी निरक्षर आईला छापील कन्नडचा काय उपयोग?

एवढे केल्याने काय फरक पडतो, याचे एक साधे उदाहरण पुरे. कलबुर्गीकडचे एक कुटुंब कित्येक महिने किराणा दुकानातून तांदूळ विकत घेत होते. गावाकडचे रेशनकार्ड इथल्या रेशन दुकानात चालते, आधार आणि अंगठ्यावर माणशी ५ किलो धान्य मिळते, हे त्यांना समजेल अशा भाषेत कोणी सांगितलेच नव्हते. दुकानात एकदा नकार मिळाल्यावर ते गप्प बसले होते. आमची कार्यकर्ती सोबत गेली आणि काम झाले. त्यासाठी नवी योजना लागली नाही.

आता या कार्यकर्तीविषयी. दवाखाना, पोलीस चौकी, शाळा, जिथे कुणाचे बोलणे कळत नाही तिथून तिलाच फोन येतो, आणि बहुतेक वेळा तिला रिक्षाचे भाडेही मिळत नाही. ती स्वयंसेविका ठरते, कारण अनुदानाच्या कोष्टकात समुपदेशक आहे, सामाजिक कार्यकर्ता आहे, द्विभाषिक केस वर्कर नाही. समाजकार्याची पदवी नसल्याने आहे त्या पदांवर तिला घेता येत नाही. पदवीधर सामाजिक कार्यकर्त्यांचे काम मी कमी लेखत नाही, मी स्वतः त्याच वाटेने आले आहे; पण कन्नड न येणारी पदवी त्या बाईच्या खोलीत कुठपर्यंत पोचणार, हे पाहिलेले आहे. समाजकार्य शिकवणारी कर्वे समाजसेवा संस्था आणि भाषाविज्ञानाचा विभाग असलेले डेक्कन कॉलेज ही दोन्ही पुण्यातच आहेत. त्यांना सोबत घेऊन अशा बायकांसाठी काही आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आखणे विभागाला अवघड नाही.

एक अडचण मात्र आधीच नोंदवून ठेवते. दुभाषी त्याच वस्तीतली, त्याच गावची किंवा भावकीतली असेल, तर बाई तिच्यापुढे तोंड उघडत नाही, आणि त्यात तिचे काही चुकत नाही. म्हणून कुटुंबाला आधी विचारावे, दुसऱ्या भागातल्या दुभाष्याला फोनवरून जोडून घेण्याची मुभा असावी आणि गोपनीयतेचे लेखी बंधन दोघांनाही सारखेच असावे. नोंदवहीत एका भाषेसाठी एकच नाव असून भागणार नाही, ते याच कारणाने.

आपल्या विभागाचे आयुक्तालय पुण्यात आहे, त्यामुळे सुरुवातही इथूनच व्हावी. पहिले परिपत्रक असे निघावे, की कुटुंबाच्या कोणत्याही चौकशीत अठरा वर्षांखालील मुलाला, ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याला किंवा कुटुंब ज्याच्या हाताखाली काम करते त्याला दुभाषी म्हणून बसवू नये, आणि दुभाषी मिळाला नाही तर तसे फाईलीत लिहावे. दुसरे, पुणे जिल्हा बाल संरक्षण कक्षाची नोंदवही भाषावार, मानधनाच्या दरासह अद्ययावत करून नोंदणीकृत संस्थांना वापरू द्यावी. तिसरे, पुढच्या आर्थिक वर्षाच्या अनुदानात द्विभाषिक केस वर्कर हे मानधनाचे पद म्हणून धरावे. आरंभी कन्नड, भिली आणि पारधी या तीन भाषांपुरते धरले तरी चालेल.

आयुक्तालयातल्या अधिकाऱ्यांना आमच्या फाईली, कुटुंबांची ओळख झाकून, पाहायच्या असतील तर आम्ही त्या घेऊन येऊ. सोबत कन्नड आणि पारधी बोलणाऱ्या आमच्या दोन सहकारीही असतील. त्यांना बैठकीत बोलू द्यावे, अशी विनंती आहे.

आपली विश्वासू,
समन्वयक, केस वर्क
पुण्यातील एक स्वयंसेवी संस्था