सगळ्या सर्व्हरवर एकच लिनक्स हवे

महोदय,

सेंटओएस ७ या सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्स प्रणालीचे सुरक्षा अपडेट ३० जून २०२४ रोजीच थांबले. ज्या नगरपालिका, सहकारी बँका अजून त्यावर काम चालवत असतील, त्यांनी सगळे सर्व्हर अल्मालिनक्स ९ या नव्या लिनक्स प्रणालीवर आणावेत. त्याला मे २०३२ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. चालू सर्व्हरवरच अपग्रेड करू नये. नवा उभारावा, डेटा हलवावा, जुना बंद करून महिनाभर तसाच ठेवावा.

खरी अडचण पीएचपीची, म्हणजे वेबसाइटचा कोड ज्या भाषेत लिहितात तिची. या बदलात तिची ५.४ आवृत्ती जाऊन ८.० येते आणि डेटाबेसला जोडण्यासाठी 'मायएसक्यूएल_कनेक्ट' हे फंक्शन वापरणारा जुना कोड तिथेच कोसळतो, कारण ते फंक्शन ७.० मध्येच काढून टाकले आहे. हा कोड बदलण्याचा खर्च निविदेत धरायलाच हवा. आणि फाइली हलवल्यावर काही अडले, तर कृपा करून एसईलिनक्स, म्हणजे लिनक्समधली सुरक्षा यंत्रणा, बंद करू नका! ही यंत्रणा फाइलींना लावते ते लेबल हलवलेल्या फाइलींवर बहुधा चुकलेले असते. ते दुरुस्त करणारी 'रिस्टोअरकॉन' ही आज्ञा चालवली की काम होते.

– एक सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटर, ठाणे