पवनाकाठच्या रस्त्याची साईडपट्टी भरा

महोदय,

कामशेतहून पवनानगर आणि पुढे तिकोना पेठ हा मावळातला सायकलसाठी सर्वांत देखणा रस्ता. वाटेत बेडसे लेण्यांचा फाटा, डोक्यावर लोहगड-विसापूर, खाली धरणाचं पाणी, पलीकडे तुंग किल्ला. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. आता येणारे वाढणारच.

अशा ग्रामीण रस्त्यांवर खरा धोका चढाचा नाही, कडेचा आहे. डांबराचे थर चढत जातात, साईडपट्टीचा (डांबराशेजारच्या कच्च्या कडेचा) मुरूम पावसात वाहून जातो आणि चार बोटांची पायरी तयार होते. मागून गाडीने हॉर्न दिला की सायकलस्वार सायकलसकट डांबरावरून खाली उतरतो. परत चढताना तिरकं चढू पाहिलं, तर पुढचं चाक त्या काठाला घासत राहतं, हँडल वळत नाही आणि माणूस थेट रस्त्यावर आडवा होतो. तिथे थांबावं, सायकल उचलून वर ठेवावी. घाई नकोच.

टायर २८ मिमी रुंदीचे घ्यावेत. हवा कमी असली तर खड्ड्याच्या काठावर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. फार ठासून भरली तर ओल्या उतारावर पकड जाते. दोन ट्यूब, टायर लिव्हर (रिमवरून टायर काढायची पट्टी) आणि पंप सोबत हवाच.

संबंधित खात्याला विनंती : पावसाळा संपताच साईडपट्टी मुरूम टाकून, रोलर फिरवून डांबराच्या पातळीला आणावी. रंबलर पट्ट्या (वेग कमी करायला लावणारे आडवे उंचवटे) घालताना डावीकडे सायकलपुरती मोकळी जागा सोडावी.

– एक सायकलस्वार, तळेगाव दाभाडे