गावाच्या लोकसंख्येविषयी मित्रास पत्र

कोल्हापूर

प्रिय मित्रास,
स. न. वि. वि.

ग्रामपंचायतीच्या स्मरणिकेसाठी तू लिहिलेला मजकूर मिळाला. घरे, ओलिताखालची जमीन, दूध संस्था, तालीम, सगळे नेटके आले आहे. मात्र ‘गावात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक असल्यामुळे मुलींच्या संख्येची चिंता नाही’ हे वाक्य तसेच छापू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपले गाव आजऱ्याच्या डोंगराकडचे. घरटी एखादा तरी पुरुष पोटापाण्यासाठी मुंबईला असतो, गणपतीला आणि मे महिन्यात तेवढा येतो, आणि त्याची गणती तिकडेच होते. गावच्या आकड्यात उरतात त्या म्हातारी आई, जनावरांचे आणि शेताचे सगळे ओढणारी बायको आणि शाळकरी पोरे. म्हणजे तुला दिसलेले स्त्रियांचे आधिक्य ही खरे तर पुरुषांची गैरहजेरी आहे. शिरोळ-हातकणंगल्याकडे निराळाच प्रकार घडतो. २०११ ची गणती फेब्रुवारीत, म्हणजे गाळप हंगामात झाली. त्या दिवसांत बीडकडच्या ऊसतोड टोळ्या शिवारात पाचटाच्या कोपी घालून राहिलेल्या असतात, आणि गणतीचा सगळा काळ जो घराबाहेर असेल त्याला असेल तिथेच मोजायचे, असा नियम आहे; म्हणून ही बाहेरची माणसे तिथल्या आकड्यात मिसळतात. २०२७ च्या जनगणनेचा संदर्भदिन, म्हणजे ज्या दिवशीची लोकसंख्या धरतात तो दिवस, २०११ प्रमाणे १ मार्चच आहे, तेव्हा पुढेही हेच होणार.

म्हणून एकूण लोकसंख्या बाजूला ठेवून शून्य ते सहा वयोगटाचा रकाना आधी पाहावा, असे मला वाटते. एवढी लहान मुले कामासाठी एकटी परगावी जात नाहीत. २०११ मध्ये आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ९५७ स्त्रिया होत्या, राज्यात ९२९. इथवर समाधान वाटते. पण त्याच गणतीत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली होत्या ८६३, आणि राज्यात ८९४. त्याआधी २००१ मध्ये तर जिल्ह्याचा आकडा ८३९ पर्यंत उतरला होता. गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याने १९८८ मध्ये आणि केंद्राने १९९४ मध्ये कायदा केलेला असताना, ऊस, दूध आणि सहकाराने सुधारलेल्या आपल्या जिल्ह्यात हे घडले, याचे मला फार वाईट वाटते. २००१ साली मोजलेली ती मुले आता पंचविशी ओलांडून गेली आहेत. मुलगी मिळत नाही म्हणून गावोगावी स्थळे शोधत हिंडणारे आईबाप तुझ्याही भावकीत आहेत, आणि त्याचे खापर मुलींच्या अपेक्षांवर फोडले जाते. मुळात त्या पिढीत मुली किती जन्मू दिल्या, हे कोणी विचारत नाही.

आता आपल्या गावापुरते. ग्रामपंचायतीच्या जन्मनोंदवहीवर विसंबू नकोस. बाळंतपणे गडहिंग्लजला नाहीतर कोल्हापूरला दवाखान्यात होतात आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, त्यामुळे त्या वहीत गावची निम्मी बाळेही सापडणार नाहीत. अंगणवाडीताईंकडे घरवार सर्वेक्षणाची नोंदवही असते. आपल्या आशाताईंनाही कोणत्या घरात कोण जन्मले हे ठाऊक असते. एका वर्षाचा आकडा मात्र घेऊ नकोस, कारण लहान गावात दोन-चार जन्मांनी प्रमाण कुठल्या कुठे जाते. निदान दहा वर्षांची मुले आणि मुली वेगवेगळ्या मोजून तो तक्ता त्या वाक्याच्या जागी घाल. आकडा वाईट निघाला तरी छाप. ग्रामसभेत कोणी नाराज झाले तर मी तुझ्या शेजारी उभा राहीन.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तक्ता तयार झाला की छापखान्यात देण्यापूर्वी मला पाठव.

तुझा मित्र