बंडीची नक्कल करा, पण तिची शिवणही घ्या

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

शेतकऱ्याच्या बंडी-पैरणीवरून बेतलेल्या टिकाऊ कपड्यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत लेख आला. म्हसवडला माझं शिलाईचं दुकान आहे, वडिलांनी घातलेलं. माण तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या, मेंढपाळांच्या बंड्या आम्ही शिवत आलो. या कपड्यांना पुन्हा मागणी येते आहे, याचा मला मनापासून आनंद आहे. पण लेखात रंग, खिसे, गळा सगळं आलं, शिवणीवर मात्र एक ओळ नाही. आणि बंडी टिकते ती शिवणीवर.

पैरणीच्या बगलेत एक चौकोनी तुकडा तिरका बसवतात. कडबा रचताना, पोतं उचलताना हात वर गेला की ताण त्या तुकड्यावर येतो. तिरकं कापड थोडं ओढ देतं, त्यामुळं अंगाचं कापड फाटत नाही. घामानं कुजला तर तेवढाच उसवून नवा लावायचा. बाकी तुकडे सरळ बेतलेले, त्यामुळं कातरणीत कापड वाया जात नाही आणि पैरण विरली तरी धड राहिलेलं कापड सलग गोधडीला मिळतं. गळ्याला कॉलर नाही, कारण सगळ्यात आधी झिजते ती कॉलर. शर्टांच्या कॉलरी उसवून, उलटवून पुन्हा बसवायचं काम वडिलांकडे कायम असे.

मांजरपाट रात्रभर भिजवून, आटवून मगच त्याला कात्री लावायची. शिवणीत बोटभर माया, म्हणजे शिवणीबाहेरचं जादा कापड, सोडायची, म्हणजे पोरगा अंगानं भरला तरी कपडा सैल करता येतो. दोरा कापडापेक्षा किंचित कच्चा हवा. ताण आला तर दोरा तुटावा. शिवण पुन्हा घालता येते. पॉलिस्टरचा चिवट दोरा तुटत नाही, तो पातळ सुती कापडच कापत जातो, आणि मग रफूशिवाय इलाज उरत नाही.

अलीकडे असे नवे कपडे माझ्याकडे दुरुस्तीला येऊ लागलेत. महागाचे असतात. आत माया नसते, ओव्हरलॉकच्या, म्हणजे मशीननं दोरा गुंडाळून बंद केलेल्या, काठाला चिकटून शिवण. जाड पँटींचं कापड तर कारखान्यातच प्यूमिस दगडांबरोबर घुसळून मऊ केलेलं, म्हणजे अंगात घालण्याआधीच निम्मं झिजवलेलं! खिशाच्या कोपऱ्यांना पक्के टाके नाहीत. मजुरांच्या पँटींचे हेच कोपरे फाटतात, म्हणून अमेरिकेत जेकब डेव्हिसनं तिथं तांब्याचे रिव्हेट (छोटे चपटे खिळे) ठोकले आणि १८७३ मध्ये कापडाचा व्यापारी लेव्ही स्ट्रॉस याच्याबरोबर त्याचं पेटंट घेतलं. डेव्हिस शिंपी होता. कपडा कुठं फाटतो, हे दुरुस्तीला बसणाऱ्याला आधी कळतं.

असे कपडे काढणाऱ्या तरुण मंडळींना माझी विनंती आहे. लेबलावर कापडाचं वजन लिहा, कापड आटवलेलं आहे का ते लिहा, माया किती सोडली ते लिहा. सोबत त्याच कापडाचा वीतभर तुकडा द्या, ठिगळाला होईल. जाड सुती कापड विणायला इचलकरंजीचे यंत्रमाग आहेतच, मागणी तर करून बघा. आणि आपल्या पुरवणीनं पुढच्या वेळी कपडा उलटा करून आतल्या बाजूचाही फोटो छापावा.

आपला,
एक शिंपी, म्हसवड (जि. सातारा)