बांधावरच्या दगडांचं काय झालं

गंगापूर रोड, नाशिक
१२ जानेवारी

प्रिय दिल्या,

दिवाळीत तुझ्या बांधावरून अकरा दगड उचलून मी डिकीत भरले. तू तेव्हा काही बोलला नाहीस, वहिनी तेवढ्या पदर तोंडाला लावून हसल्या. परवा फोनवर शेवटी विचारलंसच, "त्या धोंड्यांचं केलंस काय?" तेव्हाच सांगत बसलो असतो तर "म्हणजे मासे पाळतोस होय" म्हणून तू फोन ठेवला असतास. म्हणून हे पत्र. निफाडला पारा उतरलाय, द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून रात्री जागतोच आहेस, तर तेवढ्या वेळात वाच.

काचेच्या टाकीत त्या दगडांची, गवताची पाण्याखालची बाग मांडलीय. मासे आहेत, पण ते सगळ्यात शेवटी आले. मागच्या वर्षी पोरीच्या वाढदिवसाला आणलेला फिशटँक आठवतो का? निळी खडी, प्लास्टिकचं झाड, तोंड उघडझाप करणारा शिंपला. दुकानदार म्हणाला संध्याकाळीच मासे सोडा, आम्ही सोडले. आठवड्यात दहापैकी आठ गेले. मला वाटलं खाणं जास्त झालं. नंतर कळलं की माशांच्या घाणीतून अमोनिया होतो आणि तो त्यांच्यासाठी विष असतो. काही जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच निरुपद्रवी नायट्रेट करतात, पण त्यांना फिल्टरात, खडीत बस्तान बसवायला चार ते सहा आठवडे लागतात. आम्ही दहा जीव संडास नसलेल्या घरात कोंडले होते म्हण ना. पोरगी दोन दिवस जेवली नाही.

मग ताकाशी अमानो या जपानी माणसाचं काम पाहण्यात आलं. १९५४चा जन्म, गाव निईगाता. आधी सायकल शर्यतींत धावायचा, पुढे जंगलं फिरत फोटो काढायला लागला, आणि त्यातूनच काचेच्या टाकीत झाडं-दगड मांडायचा त्याला नाद लागला. लिस्बनच्या मत्स्यालयात २०१५मध्ये त्याने ४० मीटर लांबीची, १ लाख ६० हजार लिटरची टाकी मांडली आणि त्याच वर्षी तो वारला. खरं सांगू, ती अवाढव्य टाकी मला तितकी भावली नाही. पण नुसते दगड आणि गवत असलेल्या त्याच्या छोट्या टाक्यांनी माझी झोप उडवली.

त्या मांडणीला इवागुमी म्हणतात. दगड विषम संख्येत घ्यायचे, सगळे एकाच जातीचे. सगळ्यात मोठा तो ओयाइशी, घरातला कर्ता म्हण. तो मधोमध ठेवायचा नाही, लांबीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्यावर, थोडा कललेला. बाकीचे त्याच्याकडे बघून बसतात. दगडावरच्या रेघा सगळ्यांच्या एकाच दिशेने धावल्या पाहिजेत, कारण ओढ्यात पाणी एकाच बाजूने येतं. आणि एक छोटा दगड असतो, सुतेइशी. अर्थच 'टाकून दिलेला'. हळूहळू गवत त्याला झाकून टाकतं, पण तो काढला की मांडणी ओकीबोकी दिसते. आपल्या बॅचमध्ये असा कोण होता ते तुला सांगायला नको.

तुझा दगड काळा पाषाण, बेसॉल्ट, पाण्यात सहसा काही सोडत नाही. तरी मी प्रत्येकावर व्हिनेगरचे थेंब टाकले. दहा गप्प राहिले. अकरावा, ज्याच्या पोटात पांढरा खडा चमकत होता, तो फसफसला. पांढरं दिसलं की आपण सरसकट गारगोटी म्हणतो. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात आपल्या बेसॉल्टमधून निघालेले कसले कसले स्फटिक पाहिलेत ना आपण? त्यातला कॅल्साइट, म्हणजे चुनखडीचा स्फटिक, असला की आम्लाने बुडबुडे येतात आणि तो पाण्यात विरघळून पाणी क्षारांनी जड करतो. तो दगड बाद.

उरलेल्या दहांतले पाच आत गेले, पण ते ठरवायला नऊ रात्री लागल्या. टाकी साठ सेंटीमीटर लांब, तीस रुंद, छत्तीस उंच. पाणी न भरता नुसती माती मागे उंच, पुढे उतरती पसरून दगड ठेवायचे, दिवा लावायचा, समोर पाटावर बसायचं. कर्त्या दगडाचं तोंड दोन बोटं डावीकडे वळवलं तर अख्खा डोंगर पडेल असं वाटायचं. आई म्हणाली, "शिफ्टवरनं येतोस, जेवून झोप की, दगडं कुठं पळून जाणारेत?" पहिले तीन दिवस मी भर घालत होतो, आणखी एक, आणखी एक. चौथ्या रात्री काढायला लागलो आणि तेव्हा कुठे मोकळी जागा दिसायला लागली.

पुढे हेअरग्रास नावाचं केसासारखं बारीक गवत लावलं, चिमट्याने तीन-चार पात्यांची एकेक जुडी, दोन तास मान मोडून. मागे रोटाला नावाची पाणवनस्पती, आणि एका कोपऱ्यात आपली ब्राह्मी. हो, तीच, पाण्याखालीही छान वाढते. क्रिप्टोकोरिन नावाचं एक झाड लावलं तर आठवड्यात त्याची पानं विरघळली. मी उपटणार होतो, पण तुझ्या द्राक्षवेलींची गोडी छाटणी आठवली. छाटलेल्या वेलीकडे बघून नवखा माणूस म्हणेल बाग मेली. थांबलो. अठराव्या दिवशी मुळापाशी तांबूस कोंब. रोटालाचं तर तुझ्यासारखंच चालतं: पेऱ्यावर कापलं की खाली दोन फांद्या फुटतात, वरचा शेंडा पुन्हा मातीत खोचायचा. कात्री हातात घेतली की आता माझा हात थरथरत नाही.

एक गाढवपणा मात्र केला. झाडांना कार्बन डायऑक्साइड लागतो म्हणून छोटा सिलिंडर लावलाय, सेकंदाला एक बुडबुडा. टाकीत एक काचेचा गोळा असतो, त्यातलं द्रावण निळं म्हणजे गॅस कमी, हिरवं म्हणजे बरोबर, पिवळं म्हणजे जास्त. दिवा बंद झाला की झाडं गॅस घेत नाहीत, उलट सोडतात, म्हणून रात्री व्हॉल्व्ह बंद करायचा. सेकंड शिफ्टवरून आलो, विसरलो. पहाटे पाचला उठलो तर द्रावण लिंबासारखं पिवळं आणि बाराच्या बारा झेब्रा मासे वर, तोंडं पाण्याबाहेर काढून. हवेचा पंप लावला, अर्धं पाणी बदललं, हिटर असूनही हात गारठले. सगळे वाचले. पोरीला अजून सांगितलेलं नाही, तूही बोलू नकोस.

पाणी आपलंच, गंगापूर धरणाचं, नळाला येतं ते. क्लोरीन उडावं म्हणून बादल्या रात्रभर भरून ठेवतो. दर रविवारी काढलेलं वीस लिटर पाणी आई तुळशीला आणि कढीपत्त्याला घालते; कढीपत्ता असा फोफावलाय की शेजारच्या काकू रोज मागायला येतात.

दुपारी दोनच्या सुमारास दिवा लागून चार तास झालेले असतात, तेव्हा गवताच्या पात्याच्या टोकाला मोहरीपेक्षा बारीक बुडबुडा धरतो, फुगतो, सुटतो. मग शेजारच्या पात्यावर. झाडाने सोडलेला ऑक्सिजन तो, पाण्यात मावत नाही म्हणून दिसतो. हे पाहताना मला नांदूर मध्यमेश्वरचा बांध आठवतो. आपण सायकली टाकून पालथे पडून पाण्यात बघायचो, खाली शेवाळाचे झुपके एका बाजूला वाकलेले असायचे. आता ती जागा रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहे, तिथून एक काडीही उचलायची नाही, आणि ते बरंच झालं. मी काही तिची नक्कल केलेली नाही. पण उतार त्याच बाजूला पडलाय, हे तू बघितल्यावरच माझ्या लक्षात येईल कदाचित.

काढणी आटोपली की ये, वहिनींना आणि पोरांना घेऊन. येताना विहिरीजवळ, जुन्या खुंट्याला टेकलेला तो तिरपा दगड आण. सहा झाले तर सम होतील, एक काढावा लागेल. कोणता ते तू सांग, दगड तुझेच आहेत.

काकांना नमस्कार.

तुझा,
बाळू

ता. क. फसफसलेला अकरावा बाल्कनीत तुळशीपाशी ठेवलाय. परत हवा असेल तर तसं कळव.