बार काढले, पेव्हर तसेच ठेवले

माननीय संपादक,

गेल्या मे महिन्यात फोंड्यात आमच्या वाड्यावरच्या पार्कात एक मुलगा मंकी बारवरून, म्हणजे हातांनी लटकत पलीकडे जायच्या आडव्या दांड्यांवरून, हात सुटून पडला आणि त्याचं मनगट फ्रॅक्चर झालं. वाईटच झालं ते, त्याच्या आईची अवस्था मी स्वतः बघितलीय. पण त्यानंतर आठ दिवसांत नगरपालिकेने काय केलं तर बारच कापून नेले, त्या जागी तीन फुटांची प्लास्टिकची घसरगुंडी आणून बसवली, आणि पोरगा ज्याच्यावर आपटला ते सिमेंटचे पेव्हर आजही तिथेच आहेत.

माझी मुलगी नऊ वर्षांची. ती रोज त्या बारला लटकायची, आधी दोनच दांड्या जमायच्या, मग चार, आणि एक दिवस पलीकडे पोचली तेव्हा धावत घरी येऊन दोन्ही तळहात माझ्या नाकाला लावले, लोखंडाचा वास, बोटांच्या मुळाशी फोड, आणि एवढी खूश की जेवायलाच बसेना. आता त्या छोट्या घसरगुंडीवर ती आणि तिच्या मैत्रिणी दोन मिनिटं उलट्या चढतात, कंटाळतात, आणि मागच्या चिऱ्याच्या भिंतीवरून पंपहाउसच्या पत्र्यावर जातात. खाली उघडं गटार आहे. सेफ्टीच्या नावाने आपणच पाठवलं ना त्यांना तिथे?

नॉर्वेच्या एलेन सँडसेटर यांनी मुलांच्या अशा धाडसी खेळांचा बराच अभ्यास केलाय. त्यांचं म्हणणं असं की उंची, वेग यांची थोडी थोडी सवय होत गेली की मुलांची भीती आपोआप कमी होते. आणि उंची पोरांना दिसते हो, न झेपणारं पोर तिसऱ्या दांडीवरून स्वतःच मागे येतं. दिसत नाही ते वेगळंच असतं. मिरगाचा पाऊस सुरू झाला की झोपाळ्याचा खांब जमिनीलगत आतून गंजतो आणि वर पेंट चकाचक. साखळीचा हुक झिजून उघडा पडलेला असतो. दोन गजांमधली फट अशी असते की अंग जातं आणि डोकं अडकतं, अमेरिकेच्या सरकारी सेफ्टी पुस्तिकेत साडेतीन ते नऊ इंचाची फट ठेवूच नका असं स्पष्ट लिहिलंय. पत्र्याची घसरगुंडी मेमध्ये उन्हात असली तर मांड्या भाजतात, तिला आंब्याची सावली दिली तरी काम होतं.

त्याच पुस्तिकेत खेळण्याखाली काँक्रीट, डांबर चालणारच नाही असंही आहे. नऊ इंच लाकडाच्या चिप्स असल्या तर दहा फुटांवरची पडझड बरीच सोसते, तेवढीच रेती असली तर चारच फूट, म्हणजे खाली काय घालायचं हे वर किती उंच आहे ते बघून ठरवावं लागतं. युरोपच्या खेळाच्या साधनांसाठीच्या ईएन ११७६ स्टँडर्डमध्ये तर खाली योग्य सरफेस असेल तर पडण्याची उंची ३ मीटरपर्यंत चालते. तिथल्या लोकांना काय आपली पोरं नकोशी झालीयत का? आपल्याकडे पाऊस जबर, चिप्स कुजणार, रेती वाहून जाणार हे मला कळतं, पण कडेला चिऱ्याची बॉर्डर, खाली खडी आणि पाणी जायला पाइप दिला, अधूनमधून भर घातली की जमतं, आपण माडांना आळी करतोच की.

नगरपालिकेला माझी विनंती एवढीच आहे की पेव्हर उचला, खाली मऊ भर घाला आणि बार परत लावा. छोटी घसरगुंडी राहू दे, तीन-चार वर्षांच्या मुलांना ती हवीच आहे, फक्त ती बाजूला, मोठ्यांच्या धावपळीपासून लांब हलवा. आणि वर्षातून दोनदा, मिरगाच्या आधी आणि चवथ झाल्यावर, कुणीतरी पाना आणि हातोडा घेऊन प्रत्येक खांब, प्रत्येक हुक ठोकून बघू दे. माणूस मिळत नसेल तर आम्ही पालक रविवारी सकाळी येऊ, मी स्वतः येईन.

एक पालक, फोंडा